मुक्या जनावरांचे दुखणे आणि सूचिवेध

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा, दाट अरण्याचा आणि विरळ वस्तीचा मुलूख. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता आणि सुपा या नावाने तो ओळखला जाई. पुढे काळी नदीवर धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. येथील कुणब्याच्या गोठ्यात बैलजोडी, गवळ्यांच्या वाड्यावर म्हशी आणि जवळजवळ प्रत्येक अंगणात राखणीचा कुत्रा असतो. माघातील जत्रेसाठी उळवीच्या चन्नबसवेश्वराकडे धारवाड-बेळगावच्या बाजूने येणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा याच तालुक्यातील घाटवाटा चढून जातात. अशा मुलखात बैलाचा पाय मुरगळणे, म्हशीची कंबर धरणे, म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडणे, या नित्याच्याच गोष्टी होत. माणूस दुखते तेथे बोट ठेवून दाखवू शकतो. जनावराला ती सोय नाही. म्हणून त्याच्या दुखण्यावर काय करावे, हा प्रश्न सर्वस्वी धन्याच्या शहाणपणावर अवलंबून राहतो.

अलीकडे शहरांतील पशुवैद्यांकडे कुत्र्यामांजरांना बारीक सुया टोचून वेदना कमी करण्याचा उपचार होऊ लागला आहे. ॲक्युपंक्चर, म्हणजेच सूचिवेध, या नावाने तो ओळखला जातो. हा उपचार नेमका काय आहे, त्यापासून मुक्या जिवाला खरोखर किती लाभ होतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे खेड्यातील पशुपालकालाही उपयोगाचे आहे. कारण सुई नवी असली, तरी बाहेरून टोचून किंवा पोळवून आतले दुखणे घालवावे, ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही.

प्रथम दुखणे ओळखावे कसे, हे पाहू. वेदना लपविणे हा पुष्कळशा प्राण्यांचा स्वभावच आहे. रानात लंगडणारे जनावर वाघाच्या नजरेत आधी भरते. त्यामुळे बैल कण्हत नाही; तो रवंथ कमी करतो, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकतो, उठताना वेळ लावतो, पाठीला बाक देऊन उभा राहतो. म्हैस दूध चोरू लागते. कुत्रा ओट्यावर उडी मारण्याचे टाळतो, एकच सांधा चाटत बसतो, हात लावताच गुरगुरतो. मांजर कोपरा धरते आणि स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवण्याचे सोडून देते. ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण ज्या मंदपणाकडे दुर्लक्ष करतो, तो कित्येकदा वयाचा नसून झिजलेल्या सांध्याचा असतो. वय घालविता येत नाही. सांध्याचे दुखणे मात्र कमी करता येते.

लंगड्या जनावरावर खेड्यांतून पूर्वापार चालत आलेला इलाज म्हणजे डाग देणे. विळा किंवा सळई तापवून खांद्यावर, फऱ्यावर अथवा कमरेवर चटके द्यावयाचे. याने गुण येतो अशी पुष्कळांची श्रद्धा असते, आणि ती अगदीच निराधार आहे असेही म्हणता येत नाही. कारण डाग दिल्यावर जनावर बरे झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. परंतु जे मागून घडले ते आधी केलेल्या गोष्टीमुळेच घडले, असे मानणे बरोबर नाही. गुरांना होणारा तिवा हा आजार याचे उत्तम उदाहरण आहे. चिलटांमार्फत पसरणाऱ्या विषाणूचा हा ताप. त्यात जनावर एकाएकी ताठरते, लंगडते, कधी खाली बसते, आणि बहुधा तीन दिवसांत आपोआप उठते. म्हणूनच त्याला तिवा म्हणतात. पहिल्या दिवशी डाग दिला तर तिसऱ्या दिवशी यश डागाला मिळते; अंगारा लावला तर अंगाऱ्याला मिळते; सुई टोचली असती तर सुईलाही मिळाले असते! बैलाच्या कातड्यावरचा व्रण मात्र जन्मभर राहतो, आणि पावसाळ्यात ती जखम चिघळून तिच्यात किडे पडले, तर मूळ दुखण्यापेक्षा इलाजच भारी पडतो. कोणत्याही उपचाराची पारख करताना हा तिवा नेहमी ध्यानात ठेवावा.

आता सूचिवेधाकडे वळू. या विद्येचे मूळ चीनमध्ये आहे. ख्रिस्तपूर्व काळातील तेथील वैद्यकग्रंथांत माणसाच्या शरीरावरील बिंदूंचे वर्णन आढळते. लष्करात आणि शेतीत घोड्याचे महत्त्व मोठे असल्यामुळे तीच रीत तेथे घोड्यांनाही लावली गेली. मिंग राजवटीत १६०८ साली यू आडनावाच्या दोघा भावांनी रचलेला अश्ववैद्यकाचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. शरीरातून ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठराविक मार्गांनी वाहते, तिचा प्रवाह अडला की रोग होतो आणि सुईने तो मोकळा करता येतो, अशी जुनी उपपत्ती होती. असे मार्ग शरीराची चिरफाड करून पाहणाऱ्यांना सापडलेले नाहीत. कुत्र्याच्या शरीराचा जो नकाशा आज वापरतात, तो तर बव्हंशी माणसाच्या नकाशावरून गेल्या शतकात बेतलेला आहे. माणसाच्या पायाला पाच बोटे, घोड्याच्या पायाला एकच खूर. मग बोटांवरील बिंदू घोड्याच्या पायावर कोठे शोधावयाचे, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत.

आपल्याकडील मर्मविद्येशी याची गल्लत पुष्कळदा केली जाते. पालकाप्याच्या नावावर असलेला ‘हस्त्यायुर्वेद’ हा गजवैद्यकाचा विशाल संस्कृत ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापून प्रसिद्ध केला. हत्तीच्या शरीरावरील मर्मस्थानांचा विचार आपल्या जुन्या गजशास्त्रात आहे. परंतु मर्म म्हणजे जेथे इजा झाल्यास प्राणावर बेतते असे नाजूक स्थान, आणि माहुताला ते ठाऊक असावे लागे ते अंकुश जपून चालविण्यासाठी. सुई टोचून रोग बरा करण्याची चिनी रीत ही निराळी गोष्ट आहे. दोहोंचा आदर राखावा. पण दोन्ही एकच आहेत असे म्हणण्यास आधार नाही.

भारतात सूचिवेध आला त्या कथेत महाराष्ट्राचाही एक धागा गुंफलेला आहे. १९३८ साली चीन जपानशी झुंजत असताना राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणिसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला. त्यांचे बंगाली सहकारी डॉ. विजयकुमार बसू मायदेशी परतले. स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकून आले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात तिचा प्रारंभ केला. पुढे महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने आणि केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मधील आदेशाने माणसांवरील या उपचाराला स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. पशूंच्या बाबतीत पाश्चात्त्य देशांत संघटित कार्य सुरू झाले ते १९७४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पशु-ॲक्युपंक्चर संस्थेपासून.

सुई टोचल्याने वेदना कमी का व्हावी? प्राणशक्तीची उपपत्ती बाजूला ठेवली, तरी या प्रश्नाची काही उत्तरे शरीरशास्त्राने दिली आहेत. ठेच लागली की आपण आपोआप तो भाग चोळतो आणि बरे वाटते. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी त्याचा उलगडा केला. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एका फाटकातून जातो; स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश त्याच वेळी तेथे पोहोचले, तर ते फाटक अर्धेअधिक मिटते. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूत तयार होणारी अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये शोधून काढली. लगेच १९७६ साली टोरांटोच्या पोमेरान्झ यांनी उंदरांवर प्रयोग केला. सूचिवेधाने उंदरांची वेदना कमी होत होती. पण अफूचा परिणाम मारणारे औषध आधी टोचले की सुईचा गुणही नाहीसा होई. यावरून सुई शरीरातीलच औषधाचे भांडार उघडते, असे अनुमान निघाले. २०१० मध्ये अमेरिकेतील दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले की उंदराच्या गुडघ्याखालील बिंदूवर सुई फिरविली असता तेथल्या तेथे ॲडिनोसिन नावाचे द्रव्य वाढते आणि तेही वेदना शमविते.

या दृष्टीने पाहिले तर डाग देणारा आणि सुई टोचणारा हे दोघेही मज्जातंतूंचे तेच दार ठोठावीत असतात, असे म्हणता येईल. भेद इतकाच की एक जण ते कुऱ्हाडीने ठोठावतो आणि दुसरा बोटाच्या पेराने. चटक्याच्या तीव्र वेदनेने जुनी वेदना काही काळ झाकली जाते, परंतु त्यासाठी जनावराला नवी जखम सोसावी लागते.

प्रत्यक्ष उपचार असा असतो. पशुवैद्य प्रथम जनावर चालवून पाहतो, सांधे वाकवून पाहतो, पाठीच्या कण्यालगत बोटे दाबीत जाऊन कोठे स्नायू आखडले आहेत ते शोधतो, आणि जरूर तर क्ष-किरण चित्र काढवितो. कुत्र्यासाठी वापरावयाच्या सुया निर्जंतुक केलेल्या, पोलादी, आणि जाडीला एक मिलिमीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास असतात. गाईबैलांना, घोड्यांना अधिक जाड आणि लांब सुया लागतात. सुई पोकळ नसते, तिच्यातून औषध जात नाही. कमरेचा कणा आणि माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी जेथे मिळतात, तेथील खोलगट बिंदू मागील पायांच्या दुखण्यासाठी विशेष वापरतात. त्याखेरीज गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूचा आणि दुखऱ्या सांध्याभोवतालचे बिंदू असतात. दहा ते तीस मिनिटे सुया तशाच ठेवतात. सुरुवातीला टोचल्याचे किंचित जाणवते. मग कित्येक कुत्रे मान टाकून पेंगू लागतात. कधी दोन सुयांना बारीक तारा जोडून अत्यंत सौम्य विद्युत्प्रवाह सोडतात. बहुधा आठवड्यातून एक याप्रमाणे चार-सहा बैठकी झाल्यावर उपचार पुढे चालू ठेवावा की थांबवावा, हे ठरवितात.

मग याने गुण येतो का? येथे उत्साह आवरून बोलणे भाग आहे. त्यातल्या त्यात आशादायक पुरावा आहे तो कुत्र्यांच्या मणक्यांतील चकती सरकण्याच्या विकारासंबंधी. आखूड पायांच्या आणि लांब पाठीच्या डॅक्सहुंड जातीत हा विकार फार. त्यात मागचे पाय लुळे पडतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ५० कुत्र्यांपैकी ज्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला विद्युत्-सूचिवेध दिला, ते इतरांपेक्षा लवकर चालू लागले. २०१० साली ब्राझीलमधील पशुवैद्यांनी दीर्घकाळ लुळ्या पडलेल्या ४० कुत्र्यांचा वृत्तांत दिला, त्यातही या उपचाराची बाजू चांगली ठरली. मात्र कोणत्या कुत्र्याला कोणता उपचार द्यावयाचा हे तेथे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते, हे विसरू नये. सांध्यांच्या झिजेबाबत निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत. खुब्याच्या जन्मजात दोषावर बिंदूंच्या ठिकाणी सोन्याचे बारीक मणी बसविण्याचे प्रयोग झाले. नॉर्वेतील ८० कुत्र्यांत लाभ दिसला. फिनलंडमधील ३८ कुत्र्यांत खोट्या उपचाराहून अधिक काही दिसले नाही. २००६ साली तोवरच्या साऱ्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्यांनी निर्णय दिला तो असा, की पाळीव प्राण्यांच्या कोणत्याही विकारावर हा उपचार करावाच किंवा करूच नये, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. त्यानंतर अभ्यास वाढले, पण मोठे आणि काटेकोर अभ्यास अजूनही थोडेच आहेत.

यावर कोणी म्हणतात, ‘माणसाला भ्रमाने बरे वाटेल, पण कुत्र्याला कसला भ्रम? तो बरा झाला म्हणजे झालाच.’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु कुत्रा बरा झाला हे सांगतो कोण? त्याचा धनी! २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, औषध म्हणून केवळ निरुपद्रवी गोळी दिलेल्या ५८ लंगड्या कुत्र्यांची पाहणी केली होती. पायाचा जमिनीवरचा भार मोजणाऱ्या यंत्राने काहीही सुधारणा दाखविली नव्हती, तरीही पाचांत दोनदा धन्यांना आपला कुत्रा सुधारला असे वाटले; आणि पशुवैद्यांचीही फसगत साधारण तितकीच झाली. जिवावर माया असली की डोळे आशेने पाहतात. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वीच वहीत दोन-चार साध्या गोष्टी लिहून ठेवाव्यात: किती पावले न थांबता चालतो, उठायला किती वेळ लागतो, कोणता जिना चढतो. महिन्याने पुन्हा तेच मोजावे. वही मायेला भुलत नाही.

मग इतका अपुरा पुरावा असताना या उपचाराकडे वळण्याचे कारण काय? कारण वेदनाशामक औषधांनाही आपापले धोके आहेत. पुष्कळ दिवस दिली तर ती पोट आणि मूत्रपिंड बिघडवितात. घरातील माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या प्राणावर बेतते आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासमान ठरते. ती मनाने कधीही देऊ नयेत. डायक्लोफेनॅकची कथा तर सर्वांना जाग आणणारी आहे. गुरांच्या दुखण्यावर हे औषध सर्रास टोचले जाई. ते अंगात असताना मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध आज उपलब्ध आहे. जोयड्यासारख्या, काळी व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या मुलखात, बैलाला दिलेले औषध बैलापाशीच थांबत नाही, हे जाणणे अगत्याचे आहे. म्हातारे जनावर, मूत्रपिंड बिघडलेले मांजर, औषधे न सोसणारा कुत्रा, यांच्यासाठी औषधाची मात्रा कमी करणारा जोडउपचार म्हणून सुईला स्थान आहे ते येथे.

जोडउपचार हा शब्द मात्र सोडून चालणार नाही. पावसाळ्याच्या तोंडी धडधाकट वासरू लंगडू लागले, ताप चढला आणि फऱ्यावरची सूज दाबताच कुरकुर वाजली, तर तो फऱ्या रोग होय. त्यात तासातासाला महत्त्व असते. व्यायल्यावर दुभती म्हैस मान पोटाकडे वळवून बसली आणि अंग गार पडले, तर तिला कॅल्शियम हवे. सुई किंवा डाग देत बसल्यास ती हातची जाईल. तोंडातून लाळ आणि खुरांत फोड ही लाळ-खुरकुताची लक्षणे. हाड मोडले असेल तर ते बसवावेच लागते. आणि कुत्रा, गाय वा म्हैस एकाएकी विचित्र वागू लागली, आवाज बदलला, घास गिळेना, पाय लुळे पडू लागले, तर पिसाळण्याचा संशय धरून तोंडात हात न घालता दूर व्हावे आणि पशुवैद्याला बोलवावे. तेथे उपचाराचा नव्हे, माणसांच्या प्राणांचा प्रश्न असतो. सुई वेदना शमवू शकते. जंतू मारीत नाही, हाड जोडीत नाही, गाठ विरघळवीत नाही. निदानावाचून वेदना शमविणे म्हणजे घराला आग लागली असता घंटा तेवढी बंद करण्यासारखे आहे.

ही सुई कोणाच्याही हाती देऊ नये. छातीच्या भागात ती खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते. सुजलेल्या, पिकलेल्या जागी किंवा गाठीवर टोचणे घातक. गाभण जनावराला काही बिंदू वर्ज्य मानतात. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या १९८४ च्या कायद्यान्वये पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणी झालेल्या पशुवैद्यानेच करावयाचा आहे. माणसांवर हा उपचार करणारा कितीही निष्णात असला, तरी बैलाची शरीररचना त्याने शिकलेली नसते.

मोठ्या शहरांपासून दूर, रानात विखुरलेल्या वाड्यांना असा शिकलेला पशुवैद्य सहजी मिळणार नाही, हे उघड आहे. तरीही वेदना कमी करण्याचे बरेच काम सुईवाचून होण्यासारखे आहे. गोठ्याची जमीन कोरडी आणि न घसरणारी ठेवावी. म्हाताऱ्या जनावराखाली पेंढा किंवा सुका पाला जाड पसरावा. वाढलेले खूर वेळेवर छाटावेत, पत्री मारताना खिळा आत जाऊ देऊ नये. ताज्या मुरगळीवर पहिल्या दिवशी गार पाण्याच्या पट्ट्या आणि पूर्ण विश्रांती द्यावी. जुन्या आखडलेल्या सांध्याला हाताला सोसेल इतका ऊबदार शेक द्यावा आणि हलक्या हाताने चोळावे. कुत्र्याचे वजन वाढू देऊ नये, कारण प्रत्येक शेर जादा वजन त्याच्या झिजल्या सांध्यांवर पडते. लंगड्या बैलाला गाडीला जुंपू नये, मग जत्रा कितीही जवळ येवो. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा फारसा लागत नाही. लागते ती लक्ष देण्याची सवय.

चीनमधील जुना अश्ववैद्य काय किंवा टोरांटोचा प्रयोगशील शास्त्रज्ञ काय, दोघांनीही आरंभ केला तो जनावराकडे निरखून पाहण्यापासून. सूचिवेधाचा पुरावा पुढे बळकट होईल किंवा ढासळेल. विज्ञानाची ती रीतच आहे. पण ज्याला तक्रार करता येत नाही त्याचे दुखणे खरे मानावे, ते शमविण्यासाठी नवी जखम करू नये, आणि गुण आला की नाही हे प्रामाणिकपणे तपासावे, हे तीन नियम कोणत्याही काळी बदलणार नाहीत. ज्या गोठ्यात ते पाळले जातात, तेथील जनावराचे निम्मे दुखणे वैद्य येण्याआधीच हलके झालेले असते.